ओ येईपर्यंत

लिंब मोहरला आहे. रोज सकाळी आमच्या ओट्यावर त्याचा बारीक पांढरा सडा पडलेला असतो आणि रोज सकाळी मी तो झाडून काढतो. निवृत्त मास्तराला एवढं एक काम पुरतं. झाडताना वास येतो, कडसर आणि गोड, दोन्ही एकदम. शहरातून आलेले पाहुणे हा वास छातीत भरून घेतात आणि म्हणतात, नशीबवान आहात तुम्ही. मी मान हलवतो. मलाही हा वास आवडायचा. आता तो आला की खिशातला फोन काढून मी आतल्या खोलीत गाद्यांच्या घडीत खुपसून ठेवतो, आणि बायको विचारते, सुरू झालं का पुन्हा तुमचं?

पुन्हा सुरू झालं. यंदा जरा जास्तच, कारण परवा कोतवाल दारात येऊन सांगून गेला, "मास्तर, औंदा दगडाची पाळी तुमच्याकडं हाय. ध्यानात असू द्या." ध्यानात असू द्या म्हणे. मी त्याला चहा घ्यायला बसवलं, पण त्याच्यापुढचा कप मीच उचलून पिऊन टाकला तेव्हा तो बिचारा घाईघाईनं उठून गेला.

दगड म्हणजे भाकरीचा दगड. आमचं गाव धारूरच्या डोंगरकडेला, बालाघाटाच्या उतारावर आहे. गावाच्या उगवतीला एक ओढा आहे आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर हा काळा, सपाट, आडवा दगड. त्याला शेंदूर नाही, त्याच्यावर देऊळ नाही. आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी गावातल्या एका घरानं ज्वारीची भाकरी फडक्यात घालून त्या दगडावर ठेवायची, वीस पावलं मागं यायचं आणि ओढ्यापलीकडं तोंड करून हाळी द्यायची, "भाकर ठिवली होऽऽ." पलीकडं एक माणूस थांबलेला असतो. त्यानं "ओऽऽ" म्हणायचं. ती ओ कानावर आल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. ओ आलीच नाही, तर मात्र ओढा ओलांडून पलीकडं जायचं आणि बघायचं. बस, एवढीच रीत. एका वर्षी पलीकडचा माणूस झाडाखाली झोपून गेला आणि आमच्या गावचे एक दांडगे पुढारी भर उन्हात दुपारपर्यंत तिष्ठत उभे राहिले. शेवटी घामाघूम होऊन पलीकडं गेले आणि त्याला लाथ मारून उठवलं. त्यावर गाव पुढं कित्येक वर्षं हसलं. पण ओ न घेता परतायची हिंमत त्या पुढाऱ्यालाही झाली नव्हती.

ही रीत प्लेगातली. माझ्या वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलं होतं ते असं. घराघरांत उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव उठून रानात आलं. कडब्याच्या झोपड्या घातल्या. ज्यांना ताप भरला, काखेत गाठ आली, त्यांना ओढ्यापलीकडं नेऊन ठेवलं. अलीकडची माणसं दगडावर भाकरी ठेवायची, मागं सरायची, हाळी द्यायची. पलीकडं ज्याच्या अंगात ताकद असेल तो सगळ्यांच्या वतीनं ओ द्यायचा. रोज ओ देणारा आवाज तोच असेल असं नसे. आवाज बदलला की अलीकडच्या बाया खाली बसून घ्यायच्या, असं वडील सांगायचे. एवढं सांगून ते विषय बदलायचे.

प्लेग गेला, पण माणसं जुन्या गावात परत गेली नाहीत. जुनं गाव आता पांढऱ्या मातीचं टेकाड झालंय, तिथं शेळ्या चरतात आणि पाऊस झाला की बांगड्यांचे तुकडे वर येतात. आजचं गाव हे त्या झोपड्यांचंच गाव आहे. झोपड्यांच्या ओळी होत्या त्याच आमच्या गल्ल्या झाल्या. ज्यांनी मावळतीकडून येणारा चांगला वारा बघून झोपड्या घातल्या, त्यांचे वाडे मावळतीला उभे राहिले. ज्यांना ओढ्याच्या अंगाला बसवलं, त्यांची नातवंडंपतवंडं अजून ओढ्याच्याच अंगाला राहतात. शेखांची चार घरं तेव्हा कबरस्तानाला लागून बसवली होती, ती तिथंच राहिली. तालुक्याहून एकदा एक इंजिनियर आले होते, आमच्या गल्ल्यांची रुंदी बघून म्हणाले, फार दूरदृष्टीनं वसवलंय हो गाव. जिभेवर आलं होतं की साहेब, घाबरून वसवलंय. एकमेकांचा वारा लागू नये म्हणून झोपड्यांमध्ये सोडलेलं अंतर आहे ते.

घाटावरच्या शेजारगावाशी आमची सोयरीक होत नाही. का होत नाही ते कुणाला विचारा, तिकडची माणसं बरी नाहीत एवढंच सांगतील. खरं कारण पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं आहे. पटकी आली की मरीआईचा लाकडी गाडा करायचा, त्यात लिंबाचा पाला, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या ठेवायच्या आणि वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडं लोटून यायचं. म्हणजे रोग शेजाऱ्याच्या पदरात. शेजारी तो पुढच्याच्या शिवेत लोटणार. कधीतरी त्या गावानं आमच्या शिवेत गाडा लोटला, किंवा आम्ही त्यांच्या शिवेत, आणि तेव्हापासून इकडची मुलगी तिकडं जात नाही. पटकीचं नाव पोरांनी पुस्तकातही वाचलं नसेल, पण लग्नाच्या बैठकीत ती अजून पाटावर येऊन बसते. माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव दगडू. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत घरातली तीन लेकरं गेल्यावर झालेलं पोर, म्हणून दगडू. निदान दगडाला तरी काही होऊ नये.

चौथीच्या वर्गाला मी हे सगळं सांगायचो. पोरं तोंड उघडी टाकून ऐकायची. मला सांगायला आवडायचं, हे कबूल करतो. साथ म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, आपण ती छान रंगवून सांगणारे, असा माझा समज होता.

मग करोनाचा पहिला उन्हाळा आला. तेव्हाही लिंब असाच मोहरला होता. गावच्या वाटेवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या, फाट्यावर काठ्या घेतलेली माणसं बसलेली. पाण्याच्या टाकीवरून, रस्त्यावरून, देवळाच्या रंगावरून वर्षानुवर्षं भांडणारं आमचं गाव त्या काट्या टाकायच्या कामात मात्र एका दिवसात एक झालं. चैत्रात ऊसतोडीची माणसं कारखान्यांवरून परत येतात, सहा महिने कुलूप असलेली दारं उघडतात, चुली पेटतात, एरवी गावाला जरा जीव येतो. त्या वर्षी ती माणसं काट्यांच्या पलीकडं बोचक्यांवर बसून राहिली. आपल्याच गावाच्या तोंडाशी. सकाळची दुपार झाली. बरीच वादावादी झाल्यावर त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. शाळेला चार खोल्या. मी मुख्याध्यापक, किल्ल्या माझ्याकडं. तीन कुटुंबं दोन खोल्यांत राहिली आणि दोन खोल्या रिकाम्या होत्या. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

चार दिवसांनी बशीर आला.

बशीर शेख माझा वर्गमित्र. एका तरटावर बसून आम्ही बाराखडी गिरवली. पुढं मी मास्तर झालो आणि त्यानं फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. नुसत्या साखळीच्या आवाजावरून कुणाची सायकल येतेय ते तो मान वर न करता सांगायचा. बायको गेल्यावर मुलगा सलीम त्याला पुण्याला घेऊन गेला, तिथं दोघं एका गॅरेजात काम करायचे. साथीत गॅरेज बंद झालं. एका खोलीचं घर, त्यात सून नुकतीच बाळंत झालेली. बशीरनं विचार केला, आपण गावी जावं, लेकराला तेवढी हवा मोकळी होईल. कांद्याच्या ट्रकात बसून केजपर्यंत आला आणि तिथून पुढं चालत. काट्यांच्या पलीकडं तो उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी आणि पान्यांची पत्र्याची पेटी होती. मला बघून हसला. "केजपतूर ट्रकात आलतो," म्हणाला, "पुढं तुझ्या आठवणीत चालत आलो बे." त्याच्या पायांना फोड आले होते, आणि त्याला साखरेचा आजार होता हे मला ठाऊक होतं.

लिंबाखाली बैठक बसली, सगळे अंतर ठेवून. त्या दिवसांत टीव्हीवर काय काय दाखवत होते ते आठवत असेल. शेखाच्या घरचा माणूस, तोही पुण्याहून आलेला. कुणी तोंडानं काही वाईट बोललं नाही. एवढंच म्हणाले की शाळेत जागा न्हाई. आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा माझ्या खिशात होता. तो वाजू नये म्हणून मी खिशात हात घालून घट्ट धरून ठेवला. मी काहीही बोललो नाही. बशीर काट्यांपलीकडून बघत होता.

मग मी मोठेपणा केला. ओढ्यापलीकडं माझं शेत आहे, तिथं पत्र्याचं शेड आहे, ते मी देऊ केलं. लोक म्हणाले, मास्तरांचं मन मोठं. चैत्राचं ऊन, डोक्यावर पत्रा. आत दुपारी पिठाची परात ठेवली तर भाकरी भाजून निघाली असती. पण त्या दिवशी मी खरोखरच आपल्याला चांगला समजत घरी आलो, हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

भाकरी आमच्या घरून जायला लागली. दगड पुन्हा कामाला आला. जुनी माणसं मान डोलवत म्हणाली, बघा, वाडवडिलांनी उगाच घातली नव्हती रीत. संध्याकाळी मी भाकरी ठेवायचो, वीस पावलं मागं सरायचो, हाळी द्यायचो. पलीकडून बशीरची ओ यायची, लांबलचक, मुद्दाम डोंगरापर्यंत पोचवलेली. मग तो दगडाशी येऊन बसायचा आणि तिथंच जेवायचा. मी उभा, तो बसलेला, मधे वीस पावलं. "कावून बे, रोज पिठलंच कावून?" तो म्हणायचा. "वहिनीला सांग, मी रोगी न्हाई, पाव्हणा हाय." सलीमच्या बाळाचं नाव काय ठेवायचं यावर आमची दोन संध्याकाळी चर्चा चालली. जेवण झालं की फडकं झटकून, चौघडी घालून तो दगडावर ठेवायचा आणि वर एक खडा. फडकं उडू नये म्हणून.

चार-पाच दिवसांत कुजबुज सुरू झाली. मास्तर तिथं तासतासभर उभे राहतात, वारं तिकडून इकडं येतं. एकानं दारात येऊन हात जोडून सांगितलं. घरात माझी नात दोन वर्षांची, बायको एका रात्रीत भित्री झालेली. ती रडली तेव्हा मी चिडलो आणि मनातून मला बरंही वाटलं, कारण आता मला कारण सापडलं होतं. बशीरला फोन केला. म्हटलं, उद्यापासून मी भाकरी ठेवून मिस कॉल देत जाईन, तू मिळाली की उलट मिस कॉल दे. हाळीबिळी नको.

तो हसला. "मिस कॉल? मी काय तुझी लपून ठिवलेली हाय का बे?" मग म्हणाला, "पर मास्तर, ओ दिल्याबिगर दगड पुरा हुत न्हाई."

मी त्याला म्हणालो की पुण्यात राहून आलास आणि अंधश्रद्धा पाळतोस. चौथीला विज्ञान मीच शिकवत होतो ना. तो बरं म्हणाला.

फोनवर बोलता आलं असतं, असं कुणीही म्हणेल. दोनदा बोललोही. पण मिस कॉलवर भागतंय म्हटल्यावर माणूस बोलायचं टाळायला लागतो. तो विचारणार, गावात कधी घेता, आणि त्यावर मी काय सांगणार? त्यापेक्षा एक रिंग बरी. रिंग गेली, उलट रिंग आली, संपलं. संध्याकाळी मी लवकर घरी यायला लागलो. मला हायसं वाटत होतं.

नववा दिवस असेल. दुपारची वेळ, झळा मारत होत्या. शाळेच्या व्हरांड्यात मी ऊसतोडीच्या माणसांची नावं लिहून घेत होतो. समिती म्हणून नेमलेले चारपाच जण बसले होते. फोन वाजला. बशीर. एका रिंगनंतर थांबेल म्हणून मी वाट बघितली, पण तो थांबला नाही. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा वाजला, पुन्हा शेवटपर्यंत. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकानं विचारलं, कोण हाय मास्तर? "कुणी न्हाई," मी म्हणालो, "कंपनीचा असतो तसला हाय." आणि फोनचा आवाज बंद करून तो उपडा ठेवला.

घरी जाऊन करू, असं ठरवलं होतं. केला नाही. संध्याकाळी भाकरी घेऊन गेलो. आदल्या दिवशीचं फडकं दगडावर होतं, रिकामं. त्याची घडी घातलेली नव्हती, खडाही नव्हता. ते मला दिसलं. मी नवी भाकरी ठेवली आणि मिस कॉल दिला. रिंग गेली. उलट आली नाही. रुसला असंल म्हटलं, दुपारी उचलला नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फडकं पुन्हा रिकामं, दगडावरून अर्धं खाली ओढलेलं. रिंग पुन्हा गेली. पलीकडं बघितलं तर शेडच्या दारात तो बसलेला दिसला, चौकटीला टेकून. दिवस मावळत होता. मी हात वर केला. त्यानं केला नाही. म्हटलं, बस रुसून, कळतंय मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या घेऊन गेलेली एक बाई धावत आली. "मास्तर, तुमचं माणूस दारात बसल्यालं हाय, उठंना झालंय." भाकरी दोन दिवस ओढ्यातल्या कुत्र्यांनी खाल्ली होती.

त्याच्या उशाशी साखरेच्या गोळ्यांची पाकिटं सापडली, सगळी रिकामी. पाण्याचा माठही कोरडा होता. त्यानं फोन गोळ्यांसाठी केला होता की पाण्यासाठी, की नुसता माणसाचा आवाज ऐकावा म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. नखशिखान्त पांढरे झगे घातलेली माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. चौघांनी माती दिली. मी कबरस्तानाच्या भिंतीबाहेर उभा होतो. सलीमला पास मिळाला नाही, त्यानं बापाची माती मोबाईलवर बघितली. नंतर रिपोर्ट आला. बशीरला तो रोग नव्हताच. रमजानचा चांद चार दिवसांवर होता.

त्याची पिशवी, पान्यांची पेटी आणि बटणांचा छोटा फोन माझ्याकडं ठेवायला दिला, मुलगा आला की द्या म्हणून. तो फोन मी उघडून बघितला. शेवटचे दोन कॉल माझ्या नावावर होते. मास्तर, मास्तर. त्याखाली वेळ. मी ते पुसले नाहीत. पुसायचं धाडस नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. फोन बंद केला, पिशवीत ठेवला आणि पावसाळा सुरू झाल्यावर सलीम आला तेव्हा तशीच पिशवी त्याच्या हातात दिली.

सलीम परत पुण्याला गेला नाही. बापाच्याच पेटीतले पाने घेऊन फाट्यावर बसला. आता मोटारसायकली दुरुस्त करतो, हात बापासारखा. माझी गाडी नीट करून देतो, चहा मागवतो, बसा म्हणतो. लहानपणापासून मला काका म्हणायचा. आता मास्तर म्हणतो. गावात हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

गावाच्या लक्षात दुसरंच राहिलं. दुकानापुढं रंगवलेली गोल वर्तुळं पुसली, मास्क खुंटीवर लटकून मळणीच्या धुळीला कामाला आले, लग्नं वर्षभर लहान झाली आणि मग पहिल्यापेक्षा मोठी झाली. शेखांच्या चार घरांपैकी दोन धारूरला राहायला गेली, पोरांच्या शिक्षणासाठी म्हणे. आणि दगडाला एक नवी गोष्ट चिकटली. हल्ली पोरांना सांगतात की करोनात बशीरचाचा पलीकडं होता, तो रोज मोठ्यानं ओ द्यायचा, शेवटच्या दिवशीसुद्धा त्यानं ओ दिली. आणि मास्तरांनी एक दिवस भाकरी चुकवली नाही. माझ्यासमोर सांगतात. मी त्या गोष्टीतला भला माणूस आहे.

तेव्हापासून मला एक वाटतं. प्लेगातल्या ज्या माणसामुळं ही रीत पडली तो कोण असेल? ओ आल्याशिवाय पाठ फिरवू नये, हा नियम कुणाला सहज सुचत नाही. कुणीतरी एकदा पाठ फिरवलेली असणार. त्याचं नाव गावानं गिळलं आणि नियम ठेवला. साथी गेल्यावर गावं अशीच उरतात, कुठं गल्ली रुंद, कुठं सोयरीक बंद, कुठं पोराचं नाव दगडू. प्रत्येकाखाली कुणीतरी एक गप्प बसलेला माणूस पुरलेला असतो. मी आणखी थोडी वर्षं गप्प राहिलो की मीही त्या दगडाखाली सुखानं जाईन.

आज आखितीचा दुसरा दिवस. बायकोनं सकाळीच भाकरी केली. फडकं तिनं नवं काढून दिलं. निघताना मी गाद्यांच्या घडीतून फोन काढला आणि खिशात ठेवला. का, ते सांगता येणार नाही. कोतवाल आणि चार जण सोबत होते. वाटेत कोतवाल म्हणाला की औंदा ओ द्यायला सलीम थांबलाय, त्यानं आपणहून मागून घेतलं. मी चालत राहिलो.

भाकरी ठेवली. वीस पावलं मागं आलो. पलीकडं माझं शेत, माझं शेड. त्या दिवसांपासून मी तिकडं पाऊल टाकलेलं नाही, शेत दुसऱ्याला करायला दिलंय. शेडच्या दारात सलीम बसला होता, चौकटीला टेकून. बाप बसला होता तिथंच.

"भाकर ठिवली होऽऽ."

ओ आली नाही. पुन्हा हाळी दिली. वारा होता, लिंबाचा वास होता, होले घुमत होते. सलीम हलला नाही. मागं माणसं चुळबुळ करायला लागली. मग माझ्या खिशातला फोन वाजला. काढून बघितला. बशीर. ते नाव मी कधी पुसलंच नव्हतं, आणि सलीमनं बापाचा नंबर बंद केला नव्हता. फोन वाजत राहिला आणि पलीकडं सलीमनं कानाला फोन लावलेला मला दिसत होता. मी उचलला.

"उचलला तुमी," सलीम म्हणाला.

मी म्हणालो, "सलीम, त्या दिवशी वाजला होता. दोन खेपा. फोन माझ्या हाताशी होता. चार माणसांत मी म्हणालो, कुणी न्हाई. शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, किल्ल्या माझ्या खिशात होत्या." मागचे लोक ऐकत होते. ऐकू देत.

मग तो म्हणाला, "म्हाईत हाय. पयल्यापासून म्हाईत हाय." आणि मग, "जावा आता मास्तर. ऊन लई हाय." फोन बंद झाला.

मागून कोतवालानं हळूच विचारलं, "आली का हो ओ?" मी नकारार्थी मान हलवली. तो जवळ येऊन म्हणाला, "आली असंल मास्तर, वाऱ्यानं ऐकू आली नसंल. चला, झालं म्हणू." चौघंही निघायच्या तयारीत होते. त्यांना घरी जायचं होतं, आणि ते बघून मला त्यांचा राग आला नाही. मीही असाच गेलो होतो.

"न्हाई आली," मी म्हणालो.

चपला हातात घेतल्या आणि ओढ्यात उतरलो. ओढा कोरडाच होता. तेव्हाही कोरडाच होता. वाळू तापली होती. दगडापासून शेडच्या दारापर्यंत साठ पावलं भरली.